ऐकू न येणाऱ्याचे जतन

जतन या क्रियेत एक निवाडा नेहमीच गृहीत धरलेला असतो. काय जपायचे हे ठरवताना काय गेले तरी चालेल हेही आपण ठरवीत असतो. ग्रंथव्यवहारात हा निवाडा संपादक, पाठचिकित्सक आणि ग्रंथपाल करतात. तो प्रस्तावनेत, तळटीपांत किंवा निदान सूचीत नोंदलेला असतो, आणि म्हणून त्याच्याशी वाद घालता येतो. ध्वनिमुद्रित संगीताच्या क्षेत्रात मात्र गेल्या तीस वर्षांत हा निवाडा फार मोठ्या प्रमाणावर एका गणिती रीतीकडे सोपवला गेला. तो कोणाच्या नावावर नोंदलेला नाही आणि बहुसंख्य श्रोत्यांना तो झाल्याचे ठाऊकही नाही. या निवाड्याचे स्वरूप तपासण्यासाठी मी येथे एक मर्यादित उदाहरण घेत आहे: निओ-सोल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन संगीतातील काही अल्बम, आणि ते 'लॉसलेस' म्हणजे क्षयरहित अंकीय स्वरूपात जपून ठेवण्याचा खटाटोप. मी संगीतशास्त्राची अभ्यासक नाही. मराठीच्या वर्गात पाठचिकित्सा शिकवणारी व्यक्ती या प्रश्नाकडे जशी पाहील, तशी मी त्याकडे पाहते आहे.

निओ-सोल हे नाव केदार मॅसेनबर्ग या निर्मात्याने १९९०च्या दशकात विक्रीच्या सोयीसाठी रूढ केले. वाङ्मयीन संप्रदायांच्या नावांप्रमाणे तेही ज्यांना चिकटले त्यांतील अनेकांना रुचले नाही. डीअँजेलोने आपण फक्त कृष्णवर्णीयांचे संगीत करतो, असे सांगून ते नाकारले होते. तरी नावामागची वस्तुस्थिती खरी होती. डीअँजेलोचा 'ब्राउन शुगर' (१९९५), मॅक्सवेलचा 'मॅक्सवेल्स अर्बन हँग स्वीट' (१९९६), एरिका बाडूचा 'बाडूइझम' (१९९७), लॉरिन हिलचा 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल' (१९९८), डीअँजेलोचाच 'वूडू' (२०००) आणि त्याच वर्षीचा जिल स्कॉटचा पहिला अल्बम, या पाच-सहा वर्षांच्या पट्ट्यात काही तरुण कलावंत मार्विन गे, स्टीव्ही वंडर, अल ग्रीन, डॉनी हॅथवे यांच्या सोल-परंपरेकडे वळले. हिप-हॉपमध्ये वाढलेले कान घेऊन ते त्या परंपरेकडे गेले होते. त्यामुळे हे परतणे पुनरुज्जीवनाचे नव्हते. त्याला आपण पुनर्वाचन म्हणू शकतो.

या पुनर्वाचनाचा सर्वांत टोकाचा नमुना 'वूडू' हा आहे. जिमी हेंड्रिक्सने १९७० साली न्यूयॉर्कमध्ये उभारलेल्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत तो प्रामुख्याने घडला. रसेल एलेवाडो या ध्वनिमुद्रकाने जुनी यंत्रसामग्री वापरून तो चुंबकीय टेपवर मुद्रित केला. ड्रमवर क्वेस्टलव्ह, बासवर पिनो पॅलाडिनो, कळफलकांवर जेम्स पॉयझर, ट्रंपेटवर रॉय हारग्रोव्ह. निर्दोष ठोका धरून वाजवण्याची ख्याती असलेल्या क्वेस्टलव्हकडून येथे मुद्दाम सैल, किंचित ढळलेले वादन मागितले गेले. त्यामागे डेट्रॉइटच्या जे डिला या निर्मात्याचा प्रभाव होता. यंत्रावर वाजवलेला ठोका आपोआप नेमक्या मात्रेवर सरकवून देण्याची सोय उपलब्ध असूनही डिला ती टाळत असे. परिणामी या संगीतातला अर्थ मोठ्या अंशाने दोन ठोक्यांमधल्या सूक्ष्म विलंबात, टेपच्या सरसरीत, गायकाच्या अर्ध्या गिळलेल्या शब्दांत आणि एकावर एक रचलेल्या त्याच्याच आवाजाच्या थरांत वसतो. लिखित स्वरलिपीत यांतले फारसे काही उतरत नाही. येथे ध्वनिमुद्रण हीच संहिता आहे.

ही संहिता माझ्यापर्यंत पोहोचली ती २००१च्या सुमारास, वसतिगृहातल्या एका सहाध्यायिनीच्या संगणकावरून आणि एमपी-थ्रीच्या रूपात. त्या प्रतीतले 'अनटायटल्ड' हे गाणे सात मिनिटे चढत जाऊन ऐन भरात, वाक्याच्या मध्येच, कापल्यासारखे थांबत असे. फाईल अपुरी उतरली आहे की रचनाच अशी आहे, यावर आमच्या खोलीत बराच वाद झाला. हस्तलिखिताचे शेवटचे पान गहाळ आहे की ग्रंथ तेथेच संपतो, हाच तो प्रश्न होता. त्या फाईलपाशी बसून तो सुटणे शक्य नव्हते, कारण ती फाईल कोणत्या मूळ प्रतीवरून, कोणी, केव्हा तयार केली याची कोणतीही खूण तिच्यात नव्हती. पुढे नोकरी लागल्यावर मी सीडी विकत घेतली. गाणे तेथेही तसेच थांबते, आणि त्या तुटीतून पुढचे गाणे सुरू होते. ती तूट रचनेचा भाग होती.

त्या निमित्ताने एमपी-थ्री ही काय वस्तू आहे, याचा शोध मी घेतला. सीडीवर प्रत्येक सेकंदाला आवाजाची ४४,१०० मापे, दोन वाहिन्यांत, प्रत्येकी १६ बिटांनी नोंदलेली असतात. म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट. 'वूडू' सुमारे ७९ मिनिटांचा आहे, तेव्हा तो ८३५ मेगाबाईटच्या आसपास जागा व्यापतो. त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या १२८ किलोबिटांच्या एमपी-थ्रीत तोच अल्बम सुमारे ७६ मेगाबाईटमध्ये मावतो. अकरा भागांतले दहा भाग कोठे गेले? आपण शाळेत शिकवतो त्या सारलेखनाची ही रीत आहे. फरक इतकाच, की सारलेखनात विद्यार्थी आशय पाहून गाळतो, तर येथे श्रोत्याच्या कानाचे एक प्रतिमान पाहून गाळले जाते. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज सरासरी कानाला ऐकू येत नाही, म्हणून तो स्थूलपणे नोंदवायचा किंवा सोडून द्यायचा. जोनाथन स्टर्न यांनी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या रीतीचा सांस्कृतिक इतिहास मांडला आहे. वुल्फगांग इझर यांच्या 'अभिप्रेत वाचक' या संकल्पनेशी आपला परिचय आहे. एमपी-थ्री हे अभिप्रेत श्रोता पोटात बाळगणारे लेखन आहे. मात्र इझरचा वाचक संहितेतील रिकाम्या जागा भरतो. येथे श्रोत्याच्या नावाने संहितेत रिकाम्या जागा निर्माण केल्या जातात.

या रीतीचे शिल्पकार कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी तिची कसोटी पाहण्यासाठी सुझॅन व्हेगाचे वाद्यांविना गायलेले 'टॉम्स डायनर' हे गाणे वापरले, हे प्रसिद्ध आहे. एका स्पष्ट, कोरड्या, एकट्या आवाजावर घासूनपुसून घेतलेली रीत पुढे जगातल्या सर्व संगीताला लागू झाली. योगायोग असा, की 'एमपी-थ्री' हे फाईलचे नाव जुलै १९९५मध्ये निश्चित झाले, आणि त्याच महिन्यात 'ब्राउन शुगर' बाजारात आला. सरासरीवर भिस्त ठेवणारे माध्यम आणि सरासरीपासून ढळण्यात अर्थ शोधणारे संगीत असे एकाच वेळी अवतरले. कमी बिटांच्या एमपी-थ्रीत तीव्र आघाताच्या किंचित आधीच त्याची पुसट छाया उमटते आणि आघाताची कड बोथट होते. ज्या संगीतात ठोका नेमका कधी पडतो हाच आशयाचा प्रश्न आहे, तेथे ही बोथट कड म्हणजे पाठभेदच होय.

क्षयरहित स्वरूपाची रीत निराळी आहे. २००१ साली जॉश कोलसन यांनी सिद्ध केलेली 'फ्लॅक' ही त्यांतील सर्वाधिक रूढ पद्धत. तिची तुलना लघुलिपीशी करता येईल: जागा कमी लागते, पण उलगडल्यावर मूळ मजकूर अक्षरशः परत मिळतो. सीडीच्या साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांश जागेत ती सारे काही ठेवते. हे ती कसे साधते ते पाहण्यासारखे आहे. आधीच्या मापांवरून पुढच्या मापाचा ती अंदाज करते, आणि प्रत्यक्ष माप त्या अंदाजापासून जितके ढळले तितकेच नोंदवते. म्हणजे या नोंदवहीतला मोठा भाग अंदाज चुकल्याच्या नोंदींनी भरलेला असतो. आता टेपची सरसर ही तर निखळ अनिश्चितता. तिचा अंदाज करता येत नाही. त्यामुळे ती जपायला सर्वांत जास्त जागा द्यावी लागते. सारलेखन जिला प्रथम डच्चू देते, तिच्यावरच लघुलिपी सर्वाधिक खर्च करते. ती सरसर महत्त्वाची आहे असे फ्लॅकला वाटते म्हणून हे घडत नाही. महत्त्वाचे काय याविषयी तिला कोणतेही मत नाही, आणि माझ्या दृष्टीने तिचे मोल या मतशून्यतेत आहे.

येथे एक अडचण उभी राहते, आणि ती माझी व्यक्तिगत अडचण आहे. मी आता चाळिशीच्या उत्तरार्धात आहे. वयानुसार उच्च कंप्रतेचे आवाज कानाला पारखे होत जातात. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या मदतीने मी स्वतःची परीक्षा घेतली. 'वूडू'तले उतारे, कधी ३२० किलोबिटांच्या एमपी-थ्रीतून, कधी फ्लॅकमधून, कोणते कोणते ते न सांगता त्याने मला ऐकवले. माझी उत्तरे नाणे उडवून दिली असती त्यापेक्षा सरस ठरली नाहीत. त्या मुलाने सौजन्याने, पण रास्तपणे विचारले, "मॅडम, फरक ऐकू येत नसेल तर हे सगळं जपायचं कोणासाठी?"

या प्रश्नाला 'उत्तम यंत्रसामग्री असती तर ऐकू आले असते' हे उत्तर नव्हे. ते खरे असेल वा नसेल. पण त्यात जतनाचा आधार पुन्हा ऐकणाऱ्याच्या क्षमतेवरच ठेवलेला आहे. मला उत्तर सापडले ते वर्गात शिकवीत असलेल्या विषयात. पाठचिकित्सेत 'कठीण पाठा'ला झुकते माप का देतात? कारण लेखनिकाला जे कळत नाही ते तो सोपे करण्याच्या मोहात पडतो. आपल्या समजुतीनुसार सुधारणा करणाऱ्या हुशार लेखनिकापेक्षा, अर्थ न लागलेला शब्द अक्षर अक्षर गिरवणारा साधा लेखनिक परंपरेला अधिक उपकारक ठरतो. १२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत तीन शतकांत पाठ इतके मिसळले, की १५८४ साली एकनाथांना तिची प्रत शुद्ध करण्याचे काम हाती घ्यावे लागले. ते मिसळणारे लोक ग्रंथाचे शत्रू नव्हते, त्याचे प्रेमी वाचकच होते. आपल्या काळाच्या कानाला जे खटकले ते त्यांनी सरळ केले. मला ऐकू न येणारा ध्वनी मी जपते तो त्या साध्या लेखनिकाच्या भूमिकेतून. प्रत उतरवणाऱ्याची आकलनमर्यादा ही प्रतीची मर्यादा होऊ नये, एवढेच त्या मुलाला मी सांगू शकले. उद्याच्या अभ्यासकाला या ध्वनीला कोणते प्रश्न विचारावेसे वाटतील, हे आज आपल्याला ठाऊक नाही. डिलाच्या ठोक्यांतील सूक्ष्म विलंब मोजून त्यांची मांडणी करणारा डॅन चार्नास यांचा ग्रंथ २०२२मध्ये आला. ते ठोके घडले त्या काळी त्यांना अनेकांनी निव्वळ अनवधान मानले असते.

क्षयरहित प्रत तयार करणारे हौशी लोक पाठचिकित्सेच्या किती जवळ पोहोचले आहेत, हे पाहून मला अचंबा वाटतो. सीडीवरील ओरखड्यामुळे काही मापे वाचता आली नाहीत, तर साधे वाद्ययंत्र शेजारच्या मापांवरून मधली जागा अंदाजाने भरते. म्हणजे कल्पित पाठ घालते, आणि तेही न सांगता. 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी'सारखा जर्मन संगणक-कार्यक्रम असा शंकास्पद भाग पुनःपुन्हा वाचून पाहतो आणि तरीही जुळले नाही तर तशी नोंद करतो. त्यापुढे 'ॲक्युरेटरिप' नावाचा एक सामायिक कोश आहे. जगातल्या निरनिराळ्या लोकांनी आपापल्या सीडीवरून उतरवलेल्या प्रतींच्या गणिती खुणा त्यात साठवलेल्या असतात, आणि आपली प्रत त्यांच्याशी ताडून पाहता येते. परस्परांना न ओळखणाऱ्या, भिन्न ठिकाणच्या प्रती जुळल्या तर पाठ विश्वसनीय मानावा, हे तत्त्व भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात सुखठणकरांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी वापरले. ते आज कोणी एक हौशी माणूस आपल्या खोलीत, त्याचे नावही न ऐकता वापरीत असतो.

पण या कौतुकाला एक मर्यादा घातली पाहिजे. सर्व प्रती जुळणे म्हणजे पाठ एक असणे, आणि पाठ एक असणे म्हणजे कृती हाती लागणे, असे नव्हे. फ्लॅक आपल्यापुढे ठेवलेल्या प्रतीशी इमान राखते; ती प्रत कोणती, हे ती विचारीत नाही. १९९०च्या दशकापासून सीडी अधिकाधिक मोठ्या आवाजात, उंचसखलपणा दाबून काढण्याची स्पर्धा चालू झाली, आणि जुन्या अल्बमांच्या पुनर्संस्कारित आवृत्त्यांनाही तिची लागण झाली. अशी एखादी आवृत्ती क्षयरहित स्वरूपात ठेवली, तर जपला जातो तो त्या दाबलेल्या पाठाचा अक्षरशः नमुना. 'मिसएज्युकेशन'ची शेवटची दोन गाणी मूळ सीडीच्या वेष्टनावर छापलेली नव्हती. ती शोधून सापडण्यासाठी होती. आजच्या सूचीत ती इतर गाण्यांसारखी नावानिशी येतात. ध्वनी तोच, पण वाचनाची घडण बदलली. 'वूडू'च्या पुस्तिकेतील सॉल विल्यम्स या कवीचे दीर्घ टिपण, वादकांची नावे, छायाचित्रे ही गाण्याच्या फाईलमध्ये येत नाहीत. कृतीच्या या काठांना क्षयरहिततेचे आश्वासन लागू नाही.

तरीही घरोघरच्या या प्रतींचे महत्त्व मी कमी मानणार नाही. मूळ टेपा कंपन्यांच्या कोठारांत सुरक्षित आहेत, हा विश्वास फार बळकट राहिलेला नाही. १ जून २००८ रोजी हॉलिवुडमधील युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात लागलेल्या आगीत संगीताच्या मूळ टेपांचे कोठार सापडले होते. तिच्या व्याप्तीचा सविस्तर वृत्तांत 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या नियतकालिकात आला तो २०१९ साली. त्यातील हानीच्या आकड्यांशी कंपनीने असहमती नोंदवली. पण अकरा वर्षे हा प्रश्न जाहीरपणे विचारलाही गेला नव्हता, हे पुरेसे बोलके आहे. दुसऱ्या बाजूला, आंतरजालावरून गाणी ऐकवणाऱ्या सेवाही आता क्षयरहित ध्वनी देऊ लागल्या आहेत. ॲपलने २०२१मध्ये, तर स्पॉटिफायने २०२५मध्ये ही सोय सुरू केली. मात्र तेथे प्रत आपल्या हाती नसते. बियॉन्सेच्या २०२२च्या अल्बममधील काही भाग प्रकाशनानंतर थोड्याच दिवसांत बदलले गेले आणि ऐकणाऱ्यांकडे नवा पाठ आपोआप पोहोचला. पहिला पाठ ज्यांच्याकडे वस्तुरूपात होता, त्यांच्याकडेच तो उरला.

सांस्थिक पातळीवरही निवड होतच असते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-सूचीत दरवर्षी पंचवीस मुद्रणे घेतली जातात. 'मिसएज्युकेशन'चा समावेश २०१५मध्ये जाहीर झाला. त्या अल्बमच्या आरंभी वर्गात हजेरी घेतली जाते, आणि लॉरिन हिलचे नाव पुकारल्यावर उत्तर येत नाही. पुकारले गेलेले आणि न पुकारले गेलेले यांतला फरक शिक्षकाला फार वेळ विसरता येत नाही. त्या काळातले कितीतरी छोटे अल्बम कोणत्याही सूचीत नाहीत, आणि त्यांच्या प्रती कोणा अनाम माणसाच्या कपाटात असतील तेवढ्याच.

जपलेली प्रत पुढे उघडता यावी, हीही अट आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले. अक्षराच्या जागी अक्षर होते, काहीच गळले नव्हते. पण किल्ली पंथाबाहेर नसल्याने विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ते वाङ्मय बाहेरच्या अभ्यासकाला नसल्यासारखेच होते. फ्लॅकचे विनिर्देश खुले आहेत, आणि डिसेंबर २०२४मध्ये ते आंतरजालाच्या मानकांत 'आरएफसी ९६३९' या क्रमांकाने प्रसिद्ध झाले. या रुक्ष घटनेला मी जतनाच्या दृष्टीने मोठी घटना समजते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी डीअँजेलो वारला. वय ५१, हयातीत पूर्ण केलेले स्टुडिओ-अल्बम तीन, शेवटचा २०१४चा. परंपरेच्या दृष्टीने त्याची संहिता आता बंद झाली, आणि तिच्या प्रतींचा इतिहास सुरू झाला. त्या आठवड्यात मी माझ्याकडील फायलींना जोडलेल्या नोंदी पुऱ्या करायला घेतल्या: कोणती सीडी, कोणत्या वर्षाची, कोणत्या देशात छापलेली, कोणत्या कार्यक्रमाने उतरवली, कोणत्या प्रतींशी जुळली, कोठे जुळली नाही. आपल्याकडच्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक हेच करीत असे. शक, स्थळ आणि स्वतःचे नाव देऊन पुढ्यातली प्रत जशीच्या तशी उतरवल्याची तो ग्वाही देई. फायलीतली गणिती खूण ध्वनी बदललेला नाही एवढेच सिद्ध करते. तो कोठून आला हे सांगणारी पुष्पिका माणसालाच लिहावी लागते, आणि अजून माझ्या निम्म्याहून अधिक फायली पुष्पिकेवाचून आहेत.